हजेरीपटावरचं तुमचं नाव

"अगं, आपल्या दहावीच्या वर्गाचा मेळावा ठरलाय. तू यायचंच हं! कारणं सांगायची नाहीत."

असा निरोप आला की पहिली पाच मिनिटं मन कसं हलकं होऊन जातं. शाळेची घंटा, पटांगणातलं झाड, मधल्या सुट्टीतला डबा, भाकरीबरोबरची शेंगदाण्याची चटणी, गणिताच्या तासाला पोटात येणारा गोळा... सगळं एकदम आठवतं. आणि सहाव्या मिनिटाला दुसरंच सुरू होतं. कपाटातल्या साड्या डोळ्यांपुढे येतात. आरशातले पांढरे केस दिसतात. 'ती अमकी मुख्याध्यापिका झाली म्हणे. तमकीचा मुलगा परदेशात आहे. आणि मी? मी उभी राहून काय सांगणार?' संध्याकाळपर्यंत कारण तयार होतं: "नेमके त्याच दिवशी आमच्याकडे पाहुणे यायचेत गं!"

मैत्रिणींनो, हे पाहुणे कधीच येत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे नि आम्हालाही!

हल्ली माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांचं पीकच आलं आहे. व्हॉट्सॲपवर वर्गाचा ग्रुप निघतो, वर्गणी ठरते, फेटे बांधले जातात, गुरुजनांना शाल-श्रीफळ दिलं जातं. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत तर दिवाळीच्या नि मे महिन्याच्या सुट्टीत मेळावे ठरलेलेच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, किती छान! छान असतंही. पण त्याच मांडवात एका कडेच्या खुर्चीवर पदर सावरून बसलेली, हसणाऱ्यांबरोबर हसणारी, आणि मनात 'आपण उगाच आलो' असं म्हणणारी एक तरी मैत्रीण असतेच. कधी ती आपणच असतो.

हे अवघडलेपण कशामुळे येतं? आपल्यात काही कमी आहे म्हणून? आम्हाला तसं वाटत नाही. त्याची कारणं आपल्यात कमी आणि मेळाव्याच्या मांडणीत जास्त आहेत. ती एकदा नीट पाहिली, तर निम्मं ओझं उतरेल.

एका वर्गाच्या तीन वाटा

या दोन तालुक्यांतला कुठलाही जुना वर्ग घ्या. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलींच्या वाटा दहावीनंतर फुटल्या, त्या पार वेगवेगळ्या दिशांना गेल्या.

काही जणी इथेच राहिल्या. नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो पाठवायचा, मंचरच्या बाजारात कांदा-बटाटा न्यायचा, उसाला पाणी द्यायचं, पहाटे नि संध्याकाळी दूध काढायचं, यात त्यांची वर्षं गेली. काही मुंबईकरणी झाल्या. या भागातून मुंबईला जायची वाट फार जुनी आहे. परदेशी मालाच्या ट्रकपुढे आडवं पडून १२ डिसेंबर १९३० रोजी हुतात्मा झालेले बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, आणि तेही मुंबईत गिरणीकामगारच होते. त्यांच्यामागून माथाडी गेले, डबेवाले गेले. त्यांच्याशी लग्न होऊन आपल्या वर्गमैत्रिणी दहा बाय दहाच्या खोलीत संसाराला लागल्या. तिसऱ्या वाटेनं गेल्या त्या शिकून नोकरीला लागलेल्या: कोणी शिक्षिका, कोणी परिचारिका, कोणी बँकेत.

आता तीस-चाळीस वर्षांनी या तिघी एका मांडवात येतात. शेतावरचीला वाटतं, माझे हात बघून या काय म्हणतील? मुंबईचीला वाटतं, हिच्याकडे बागायत आहे, बंगला आहे, मी अजून चाळीतच. आणि नोकरीवालीला वाटतं, या दोघी एकमेकींशी किती मोकळं बोलतात, माझ्याशीच का 'अहो-जाहो' करतात? म्हणजे बघा, तिघीही मनातून कडेच्या खुर्चीवरच बसलेल्या! फक्त एकीचं दुसरीला कळत नाही.

गाव बुडालं, नाव राहिलं

आणखी एक गोष्ट फक्त बायकांच्याच वाट्याला येते. ती म्हणजे नाव.

आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे, हे तिथल्या वाचकांना सांगायला नको. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. गाव बुडालं, पण नाव राहिलं. दाखल्यावर, एस. टी. च्या पाटीवर, सगळीकडे ते आजही आहे.

बाईचं नेमकं याच्या उलट होतं. ती राहते, तिचं नाव बुडतं. आडनाव जातं, वडिलांचं नाव जातं. आणि पूर्वी कितीतरी घरांत लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं जाई, मग उरलंसुरलं पहिलं नावही जाई. शाळेतली सुलभा सासरी सुनंदा होते. आता सांगा, वर्गातल्या मुलांनी मोबाइलवर शोधायला घेतलं तर ही सापडणार कशी? मुलं सापडतात, कारण त्यांचं नाव, आडनाव आणि गाव तिन्ही जागच्या जागी असतं. म्हणूनच चाळीस जणांच्या ग्रुपमध्ये मुली कशाबशा सात-आठ असतात. आणि ग्रुपवर उशिरा आलेली मुलगी मेळाव्यातही पाहुणीसारखीच वागते.

नाव बदलायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा मात्र नाही, हे लक्षात असू द्या. आणि ज्यांचं बदललं, त्यांनाही एक दिलासा देण्यासारखी गोष्ट आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रवेशाच्या दिवशी जे नाव शाईनं लिहिलं, ते तिथे तसंच असतं. रेशनकार्ड बदललं, बँकेचं पुस्तक बदललं, दारावरची पाटी बदलली, तरी त्या जाडजूड वहीत तुम्ही तुमच्या वडिलांची लेक, अमुक नंबरची विद्यार्थिनी, अशाच आहात. मेळाव्याला जायचं ते त्या नावानं. तिथं तुम्ही कोणाच्या सूनबाई, कोणाच्या मिसेस म्हणून जात नाही. तुमचं तिथलं स्थान पतीच्या हुद्द्यावर नाही नि मुलाच्या पगारावरही नाही. ते त्या नंबरावर आहे, आणि तो नंबर कोणी काढून घेऊ शकत नाही.

"सध्या काय करतेस?"

मेळाव्यातला सगळ्यात अवघड क्षण कोणता, असं विचाराल तर आम्ही सांगू, माइक हातात येतो तो. "प्रत्येकानं आपला परिचय करून द्यायचाय हं!" मग सुरू होतं: मी अमुक कंपनीत मॅनेजर, मी पोलीस खात्यात, माझं बांधकामाचं, माझी दोन दुकानं. फिरत फिरत माइक बायकांच्या रांगेशी येतो, आणि एकामागून एक तेच वाक्य ऐकू येतं, "मी काय, घरीच असते."

'घरीच' या शब्दातला तो 'च' किती छळतो, नाही? जणू गेली तीस वर्षं आपण घरात नुसत्या बसून होतो!

केंद्र सरकारनं २०२४ साली देशभर एक पाहणी केली. लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात, हे तिच्यात मोजलं होतं. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांत बायकांचा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं भरला आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास नि पुरुषाचा दीड तास. मुलांना, म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ त्यात धरलेला नाही, तो आणखी वेगळा. आता हिशेब करा: रोजचे हे २८९ मिनिटं धरले तर तीस वर्षांत पन्नास हजार तासांच्या वर काम होतं. इतके तास एखाद्यानं कचेरीत भरले असते, तर त्याला निरोपसमारंभात घड्याळ मिळालं असतं!

तेव्हा "घरीच असते" असं म्हणू नका. जे करता ते सांगा. "दोन एकर बागायत मी बघते. चार जनावरं आहेत, डेअरीचा हिशेब माझ्याकडे असतो." "सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मी केलं." "बचतगटाची खजिनदार आहे." यात बढाई कसली? मॅनेजरनं आपलं काम सांगितलं, तुम्ही तुमचं सांगितलं.

आणि हो, जेवणाच्या वेळी एक गंमत होते, ती पाहिली आहे का? पंगत बसते. मासवडी, तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी असा या भागाचा खास बेत असतो. आचारी, वाढपी सगळे असतात. तरी पाच मिनिटांत चार-पाच बायका उठून पदर खोचतात नि वाढायला लागतात. वर्गणी त्यांनीही तेवढीच दिलेली असते! वर्गातली मुलं भाकरीवर भाकरी घेत म्हणतात, "वा, अगदी घरच्यासारखं वाटलं." वाटणारच की! असं वाढायला उठणं हीसुद्धा एक पळवाटच असते. गप्पांत काय बोलावं सुचत नाही, पण हातात भांडं आलं की आपण कोण आहोत हा प्रश्न सुटतो. मैत्रिणींनो, एवढा एक दिवस बसून जेवा. शेजारच्या पानावरच्या मैत्रिणीशी बोलता बोलता जेवा. वाढायचंच असेल, तर दुसऱ्या पंगतीला मुलांनीही वाढावं. आपण नेमकं सांगितलं की तेही वाढतात.

ज्या आल्याच नाहीत

आतापर्यंत आलेल्यांचं बोललो. न आलेल्यांचं काय?

'दहावीची बॅच' म्हणताना आपल्या लक्षातही येत नाही, की पहिलीला आपल्याबरोबर पाटी घेऊन बसलेल्या निम्म्या मुली दहावीपर्यंत पोचल्याच नव्हत्या. कोणी चौथीत थांबली, कारण पाठीवर धाकटा भाऊ होता. कोणी सातवीत थांबली, कारण हायस्कूल दुसऱ्या गावाला, वाट ओढ्यातून, आणि मुलगी 'मोठी' झालेली. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, कितीतरी कुटुंबं गावाकडे परतली. घरातलं नगद उत्पन्न थांबलं की पहिली फी थांबायची ती मुलीची. मुलींना बारावीपर्यंत फी माफ झाली ती १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात, भीमाशंकरच्या नि नाणेघाटाच्या बाजूला, आश्रमशाळेत राहून शिकायचं म्हणजे सहा-सात वर्षांच्या लेकरानं घर सोडायचं. त्यातल्या किती जणी मधूनच घरी परतल्या असतील!

आणि लग्नं? महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. त्या वेळी मुलीच्या लग्नाचं कायद्यानं किमान वय किती होतं, ठाऊक आहे? पंधरा! १९२९ च्या शारदा कायद्यानं ते चौदा ठरवलं होतं, १९४९ मध्ये पंधरा झालं, आणि अठरा झालं ते १९७८ साली. म्हणजे त्या पहिल्या दहावीच्या वर्गात बाकावर बसलेली मुलगी कायद्यानंसुद्धा बोहल्यावर उभी राहू शकत होती. राहिल्याही. परीक्षेच्या आधी हळद लागलेल्या मैत्रिणी पासष्टी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असतील.

अशा मैत्रिणीला मेळाव्याचं बोलावणंच जात नाही. तिचं नाव 'बॅच'मध्ये नसतं. ती गावातच, शाळेपासून दोन शेतं टाकून राहत असते. स्पीकरवरून गाणी तिला ऐकू येतात, आणि ती खुरपत असते. कडेच्या खुर्चीवर बसलेलीला अवघडल्यासारखं वाटतं खरं, पण हिला तर खुर्चीच नाही.

आणखीही काही जणी येत नाहीत. पती गेल्यावर चारचौघांत जायचं टाळणारी असते. वर्गणीचे हजार-दोन हजार जड जाणारी असते. जुन्नर तालुका २०१८ साली राज्य सरकारनं विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. तेव्हापासून राहण्या-जेवण्याच्या सोयी वाढल्या, तसे मेळावेही शाळेचं पटांगण सोडून पर्यटन केंद्रांवर जाऊ लागले. सोय झाली खरी, पण वर्गणीही वाढली. आणि शाळेच्या आठवणी सगळ्यांच्याच गोड नसतात, हेही विसरू नका. फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभी राहिलेली, पाण्याच्या माठापाशी थांबवून ठेवलेली, कपड्यांवरून जिची टर उडवली गेली, तिनं 'मला नाही यायचं' म्हटलं, तर तिला आग्रह करू नये. न येणं हासुद्धा तिचा हक्क आहे. बोलावणं मात्र तिला गेलंच पाहिजे. आणि ज्यांनी टर उडवली होती त्यांनी आधी घरी जाऊन दोन शब्द बोलावेत. शालींपेक्षा त्याची ऊब जास्त असते.

घरचा उंबरठा

आता घरातला प्रश्न. "वर्गातल्या मुलांना भेटायला जायचं? या वयात?" असं कोणी तोंडावर म्हणत नाही, पण भुवई वर जातेच. गंमत अशी, की त्या काळी वर्गातल्या मुला-मुलींचं बोलणंच नव्हतं. कितीतरी शाळांत मुली मधल्या वेळेत आपल्या खोलीत बसत, सरांच्या मागून रांगेनं वर्गात येत नि सरांच्याच मागून बाहेर जात. पाच वर्षं एका वर्गात काढून एकमेकांशी पाच वाक्यं बोलली नाहीत, अशी ती पिढी! तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही, हे घरच्यांना सरळ सांगावं. चोरून जाऊ नये नि परवानगीची याचनाही करू नये. हळदीकुंकवाला, बारशाला जाताना सांगतो तसं दिवस, वेळ, ठिकाण सांगून मोकळं व्हावं. जमलं तर ग्रुपवरचे फोटो यजमानांना नि सासूबाईंना आधीच दाखवावेत. गुरुजनांचे चेहरे पाहिले की बरंचसं मळभ जातं.

दुसरी अडचण येण्याजाण्याची. संध्याकाळचं दूध काढायचं असतं, शेवटची गाडी गाठायची असते, आणि उसाच्या पट्ट्यात दिवस मावळला की बिबट्याची धास्ती असते. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे, यावरून काय ते समजा! पुरुषांना रात्री नऊपर्यंत चाललेला गाण्याचा कार्यक्रम आवडतो, बाईचा जीव मात्र पाच वाजल्यापासून घड्याळात अडकलेला असतो. हा तिचा अरसिकपणा नव्हे. कार्यक्रमाची वेळच तिला न विचारता ठरलेली असते.

तारखेचंही तसंच. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सगळे गावात असतात, म्हणून तोच दिवस धरतात. पण यात्रा म्हणजे लेकीला मोकळीक नि सुनेला चूल! बैलगाडे बघून पुरुष मोकळे होतात, आणि घरात पाहुण्यांच्या पंगती उठत असतात. माहेरवाशीण येऊ शकेल, पण त्याच गावात सून म्हणून नांदणारी वर्गमैत्रीण येणं अवघड. कांदा काढणीच्या नि टोमॅटोच्या तोडणीच्या दिवसांत तर दोघीही यायच्या नाहीत.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

एकट्यानं जाऊ नका. एक तरी मैत्रीण आधी फोन करून ठरवा नि दोघी मिळून आत शिरा. दारातली पहिली दहा मिनिटंच अवघड असतात.

नवी साडी घ्यायलाच हवी असं नाही. जी नेसून दिवसभर मोकळं बसता-उठता येतं तीच नेसा. नव्या चपला नि जड दागिने तर टाळाच. अवघडलेल्या अंगाचं अवघडलेलं मन होतं.

ओळख पटली नाही तर लाजू नका. "मी अमुक, बाकावर तमकीशेजारी बसायची, मागचं नाव हे" असं आपणच पुढं होऊन सांगा. समोरचीही मनातून आपल्याला आठवायच्याच खटपटीत असते.

गप्पांत मुलांचे पगार नि फ्लॅट निघाले, तर विषय शाळेवर आणा. "त्या स्नेहसंमेलनात तू कोणतं काम केलं होतंस गं?" एवढं विचारलं तरी पुरतं. आणि ज्या मैत्रिणीला मूल नाही, जिचं घर मोडलं, जिचं माणूस गेलं, तिला दहा जणींनी तेच ते विचारू नये. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल.

प्रवासाचं म्हणाल, तर १७ मार्च २०२३ पासून एस. टी. च्या बसमध्ये महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत सुरू झाली. निदान 'खर्च कशाला' या कारणाची धार त्यानं थोडी बोथट होते.

भरवणाऱ्यांसाठी चार गोष्टी

मुली शोधायच्या तर मोबाइलवर नको, माहेरच्या घरी शोधा. भाऊ-भावजयीला विचारलं की आताचं नाव, गाव, नंबर सगळं मिळतं. या कामाला वर्गातल्याच दोन मुली नेमाव्यात.

छातीवर लावायच्या चिठ्ठीवर शाळेतलं नाव मोठ्या अक्षरात लिहावं, आताचं नाव खाली बारीक लिहावं. परिचयाऐवजी हजेरी घ्या. शाळेत विनंती करून जुना हजेरीपट पाहता आला तर उत्तमच. गुरुजी नाव पुकारतील, आपण "हजर!" म्हणायचं. हुद्दा नको, गाडी नको, बंगला नको. एका शब्दात सगळे एका रांगेत येतात.

वर्गणी ठरवताना ज्याला जमेल तो जास्त देईल, न जमणाऱ्याचं नाव कुठेही येणार नाही, अशी सोय करावी. वेळ सकाळी दहा ते दुपारी चार ठेवावी. गाणी म्हणायची ती जेवणाआधी म्हणावीत.

बोलावणं 'दहावीच्या बॅच'ला न धाडता 'आपल्याबरोबर शाळेत बसलेल्या सगळ्यांना' धाडावं. पहिलीपासूनच्या मुली आठवून आठवून यादी करावी. हे काम बायकाच उत्तम करतील, कारण कोण कोणत्या इयत्तेत का थांबली, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

थांबलेल्या वहीचं पुढचं पान

अशी मधेच थांबलेली मैत्रीण मेळाव्याला आली, तर तिच्यासाठी शालीपेक्षा मोलाची एक गोष्ट आपल्याला करता येईल. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. त्यालाच '१७ नंबरचा फॉर्म' म्हणतात. वयाची वरची मर्यादा त्याला नाही. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, नि त्याची मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करतं. त्याच शाळेच्या कचेरीत चौकशी करायची. फी ग्रुपनं भरावी, गणित वर्गातल्या शिक्षिकाबाईंनी शिकवावं. शाळेला पंखे नि पाण्याचं यंत्र भेट देणारे वर्ग पुष्कळ आहेत. एका मैत्रिणीची दहावी पुरी करणारा वर्ग निघाला, तर तो जास्त लक्षात राहील.

या वयात हे कसं जमायचं, असं वाटत असेल तर माळशेज घाटाच्या खाली बघा. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी उलटलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, खांद्याला दप्तर लावून अक्षरं गिरवायला बसल्या. त्यांना कोणी विचारलं नाही, 'सध्या काय करता?' वर्गात बसलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतोच. तो काय करतो ते समोर दिसतच असतं.

तर मैत्रिणींनो, यंदाचा निरोप आला की त्या खोट्या पाहुण्यांना घरी येऊ देऊ नका. आणि जाण्याआधी एक काम करा. वहीचं एक पान घ्या नि पहिलीच्या वर्गातल्या मुलींची नावं लिहायला बसा. शाळेतली नावं, आडनावासकट. ज्या नावापुढं 'ही आता कुठं असते?' असा प्रश्न पडेल, त्या नावाखाली रेघ ओढा. मेळाव्याला जाताना ते पान बरोबर न्या.